दारात द्राक्षाची वेल, हातात वाइनचा ग्लास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला आमच्या घरामागच्या मांडवावर दोन वेली आहेत, एक शरद सीडलेस आणि एक बंगलोर पर्पल. त्यामुळे दोन तऱ्हेची माणसं प्रश्न घेऊन येतात. काहींच्या वेलीला घड लागत नाहीत, काहींना वाइनमधलं कळत नाही. बऱ्याच वर्षांनी ध्यानात आलं की दोघांची उत्तरं एकाच पंचांगात सापडतात. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंगणात द्राक्ष खरंच येतं का? की ते बागायतदारांचंच काम?

येतं. दिवसाला सहा ते आठ तास ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि वर चढायला मांडव, एवढ्यावर वेल खूश असते. मांडव डोक्याच्या जरा वर, साडेसहा-सात फुटांवर घ्या. त्याहून उंच केला तर छाटणीच्या दिवशी मान धरते. पूर्ण वाढलेल्या एका वेलीला साधारण पन्नास चौरस फूट मांडव लागतो. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर इकडची कोरडी हवा तिला मानवते. कोकणात आणि गोव्यात वेल हिरवीगार राहते, पण पाऊस आणि दमटपणा घड हाती लागू देत नाहीत. तिथे वेल सावलीसाठी लावा, फळाची आशा धरू नका.

२. कोणती जात लावू?

पहिलीच वेल असेल तर बंगलोर पर्पल. तिचे मूळ नाव इसाबेला, अंगात अमेरिकी द्राक्षाचं रक्त. साल जाड, आत बिया, दाबलं की गर सालीतून सटकन बाहेर येतो. खायला सीडलेसइतकी नाजूक नाही, पण रोगाला सहज बळी पडत नाही आणि नवख्याची चुकीची छाटणीसुद्धा पोटात घालते.

हात बसला की सीडलेसकडे वळा. थॉमसन, तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश (नावातला ‘तास’ म्हणजे सांगलीचं तासगाव), लांब मण्यांची सोनाका, काळी शरद सीडलेस. शेवटच्या दोन्ही सोलापूरजवळच्या नान्नजच्या बागेतून आल्या. बाजारात दिसणारे टपोरे मणी जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकात घड बुडवल्यामुळे (डिपिंग) तसे होतात. घरची थॉमसन वाटाण्याएवढीच राहील. गोडीला काही कमी पडत नाही, फक्त पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

रोप कलमी घ्या. खाली डॉगरिजसारखा खुंट, म्हणजे मुळांपुरती वापरलेली काटक वेल, आणि वर तुमची जात. बोअरचं पाणी खारं असेल तर खुंटाशिवाय वेल धरणार नाही.

३. गच्चीवर ड्रममध्ये जमेल का?

जमेल, पण शंभर लिटरपेक्षा लहान भांड्यात नको. दोनशे लिटरचा ड्रम मधून कापला की दोन कुंड्या होतात. भिजलेल्या मातीसकट एकेकीचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, म्हणून ती तुळईच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. घड मोजके ठेवा, आठ-दहा पुरे. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल.

४. वर्षभरात कधी काय करायचं? एकदाच नीट सांगा.

आपल्याकडे वेलीचं वर्ष पाडव्याच्या सुमारास सुरू होतं.

*एप्रिल.* फळ उतरवून वेलीला दोन-तीन आठवडे विसावा दिलेला असतो. खोडाभोवती शेणखत घालायचं आणि मग खरड छाटणी. ओलांड्यावरची, म्हणजे मांडवावर आडव्या पसरलेल्या जुन्या फांदीवरची, प्रत्येक काडी एक डोळा ठेवून कापायची. वेल बोडकी दिसते, घरातली मंडळी हळहळतात. हळहळू द्या.

*मे आणि जून.* वर्षातले सगळ्यांत मोलाचे दिवस हेच, आणि नेमका याच काळात आपण वेलीकडे पाठ फिरवतो. छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसाच्या आसपास काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. पुढच्या मार्चमध्ये जो घड खाणार, त्याचा निर्णय या मे-जूनमध्ये होतो. त्यासाठी काडीला ऊन मिळायला हवं. गर्दी झालेले फुटवे विरळ करा, सात पानांवर शेंडा खुडा, बगलेतून येणारी फूट पुढे वाढू द्या. तिला सबकेन म्हणतात. या दिवसांत युरिया नको आणि पाणीही बेतानंच.

*जुलै ते सप्टेंबर.* पाऊस. केवडा आणि करपा या बुरशीच्या रोगांचे दिवस, फवारणीसाठी प्रश्न ८ पाहा. शेंडे मारत राहायचं, म्हणजे काडी जून होऊन तपकिरी पडते. सप्टेंबरअखेर हिरवीच राहिलेली काडी ऑक्टोबरात उपयोगाची नाही.

*ऑक्टोबर.* दसऱ्याच्या पुढेमागे गोडी छाटणी, म्हणजेच फळछाटणी. आठवडाभर आधी पाणी तोडा आणि हातानं पानं काढा, म्हणजे डोळे एकदम जागे होतात. काडी कुठे कापायची ते प्रश्न ६ मध्ये आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

*नोव्हेंबर.* दिवाळीनंतर फुलोरा. फूल इतकं बारीक की बघायला वाकावं लागतं. सकाळी मंद वास येतो, अंगणात कशाचा वास म्हणून शेजारी विचारतात. फुलोऱ्यात फवारा मारू नका.

*डिसेंबर आणि जानेवारी.* मणी फुगतात, संक्रांतीच्या सुमारास मण्यात पाणी उतरतं. टणक हिरवा मणी मऊ पडू लागतो, काळ्या जातींना रंग चढतो. निफाडकडे या दिवसांत कडाक्याची थंडी पडते आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. घरच्या वेलीला एवढा खटाटोप लागत नाही. घड वर्तमानपत्रात गुंडाळले की थंडी, ऊन आणि बुलबुल तिन्हींपासून सुटका होते.

*फेब्रुवारी आणि मार्च.* तोडणी. गोडी छाटणीपासून एकशेवीस ते एकशेतीस दिवस धरा. तोडण्याआधी आठवडाभर पाणी कमी करा. आणि मणी देठाकडचा नव्हे, घडाच्या टोकाचा चाखून बघा. शेंड्याचा मणी गोड झाला म्हणजे घड तयार.

५. फ्रान्समध्ये वर्षातून एकदाच छाटतात म्हणे. मग आपण दोनदा का?

तिकडे बर्फ पडतो, पानं झडतात, वेल झोपी जाते. झोपेत एकदा छाटली की वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. आपल्या हिवाळ्यात ती झोपतच नाही. एकदाच छाटून सोडली तर ऐन पावसात फुलेल आणि कुजेल. म्हणून आपण तिला एप्रिलमध्ये काडी करायला लावतो आणि ऑक्टोबरात फळ द्यायला. फळ थंडीत वाढतं आणि कोरड्या हवेत पिकतं. नाशिकच्या वायनरींची द्राक्षंही म्हणूनच जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. बोर्दोचे लोक तेव्हा स्वेटर घालून छाटणी करत असतात.

६. वेल मांडवभर पसरली आहे, पण तीन वर्षांत एकही घड नाही. काय चुकलं?

सर्वाधिक पत्रं याच प्रश्नाची. कारणं चार, ज्या क्रमाने आढळतात त्याच क्रमाने देतो.

पहिलं, ऑक्टोबरची छाटणी फार आखूड. गुलाब छाटायची सवय असलेले हात काडी दोन डोळ्यांवर कापतात. थॉमसन आणि तिच्या बहिणींच्या बुडातल्या डोळ्यांत घड नसतो. तो पाचव्या ते आठव्या डोळ्याच्या आसपास असतो. म्हणजे घड होते, तुम्हीच कापून टाकले. सबकेन केलेली असेल तर ती जिथून फुटली त्या गाठीच्या एक-दोन डोळे पुढे कापा. बंगलोर पर्पल तीन-चार डोळ्यांवर कापली तरी घड देते. ती नवख्याला पावते असं म्हटलं ते यासाठीच.

दुसरं, मे-जूनमध्ये सावली. मांडवावर जाळी टाकली असेल किंवा फुटव्यांची गर्दी झाली असेल, तर डोळ्यांत घडाऐवजी बाळीच तयार होते. बाळी म्हणजे तो वळणारा तणावा. घड आणि बाळी एकाच अंकुरातून घडतात, ऊन आणि अन्न कमी पडलं की वेल बाळीचा स्वस्त पर्याय निवडते.

तिसरं, लाड. दर पंधरवड्याला युरिया आणि रोज पाणी दिलं की वेल पानांत रमते.

चौथं कारण सांगताना मलाच वाईट वाटतं. कलम कधीच मेलं आणि तुम्ही तीन वर्षं खुंट वाढवलात. कलमाच्या सांध्याच्या खालून फूट आली असेल, पानं नर्सरीत पाहिलेल्या पानांपेक्षा लहान आणि वेगळ्या आकाराची असतील, तर तो डॉगरिज आहे. जन्मभर सांभाळलात तरी तो खाण्याजोगं फळ देणार नाही. खोड जोमदार असेल तर पावसाळा सरताना त्यावर पाचर कलम बांधता येतं. ओळखीच्या बागायतदाराला गाठा.

७. छाटल्यावर काडीच्या टोकातून पाणी टपकतंय. वेल मरेल का? मेण लावू का?

मुळं जागी झाल्याची खूण आहे ती. आपोआप थांबतं. काही लावू नका.

८. पानांवर पिवळे डाग आणि पांढरी बुरशी आली आहे. घरगुती उपाय सांगा.

आधी कोणती बुरशी ते ठरवा. वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळा डाग आणि पान उलटवलं की खाली पांढरी लव, तर केवडा. तो पावसानं येतो. राख भुरभुरल्यासारखी पांढरी पूड पानाच्या वर आणि मण्यांवर, तर भुरी. ती कोरड्या, गार हवेत येते.

केवड्याला बोर्डो मिश्रण. त्याची जन्मकथा वाइनवाल्यांचीच आहे. बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं वाटसरू चोरायचे, म्हणून मालक त्यावर मोरचूद आणि चुना शिंपडत. हिरवट-निळं काहीतरी विषारी दिसावं, एवढाच हेतू. पिएर-मारी-अलेक्सी मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की त्याच वेलींची पानं रोगाच्या साथीतही टिकली आहेत. १८८५ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. आज दिंडोरीपासून तासगावपर्यंत ‘बोर्डो मारला का’ असं विचारतात ते हेच.

घरासाठी दहा लिटरचं माप: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. कोवळ्या पानांसाठी दोन्ही निम्मे. दोन प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे विरघळवा, चुना गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, उलट नको. मग लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आम्लता जास्त आहे, अजून चुना घाला, नाहीतर पानं करपतील. त्याच दिवशी संपवा. मण्यात पाणी उतरल्यावर मारू नका, डाग धुऊन जात नाहीत.

भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पारा पस्तिशीपुढे असेल तर नको, पानं भाजतात. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी हा फवाराही भुरीवर बऱ्यापैकी चालतो, पण सुरुवातीलाच आणि उन्हात. ओळीच्या टोकाला गुलाब लावायची युरोपातली जुनी रीत याच रोगासाठी. गुलाबाची भुरी वेलीवर जात नाही, दोघांच्या बुरश्या वेगळ्या, पण दोघींना हवा तीच लागते. गुलाब पांढरा दिसला की वेलीकडे बघायचं.

९. बागायतदार छाटणीनंतर डोळ्यांना काहीतरी लावतात. मीही लावू?

नको. ते हायड्रोजन सायनामाइड, सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून लावतात. शेतात मजुरी, फवारणी, तोडणी यांचं गणित एकत्र फुटण्यावर असतं. तुमच्या दहा-पंधरा काड्या मागेपुढे फुटल्या तर उलट दोन आठवडे जास्त द्राक्षं खाल. शिवाय ते कातडीतून अंगात जातं आणि शरीराची मद्य पचवण्याची वाट अडवतं. ते हाताळल्यावर दोन-चार दिवसांत घोटभर जरी घेतली तरी चेहरा लाल होणं, धडधड, चक्कर असा त्रास होतो. वेल आणि वाइन यांचा इतका थेट संबंध मला दुसरा माहीत नाही.

१०. घरच्या द्राक्षांची वाइन घरी करायची आहे. कृती द्याल का?

नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. प्रमाण किती, विकली की घरीच प्यायली, यानं फरक पडत नाही. व्हिडिओ बघून बरणीत यीस्ट घालणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पिण्यासाठीसुद्धा राज्यात परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडच्या नातेवाइकांना भेट म्हणून बाटली नेऊ नका.

द्राक्षं जास्त झाली तर बेदाणे करा. चार किलोंचे साधारण किलोभर होतात. नुसती उन्हात वाळवली की तपकिरी मनुका होतात, चवीला उत्तम. सांगलीसारखा हिरवट-सोनेरी बेदाणा हवा असेल तर लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल मिसळून घड दोन-चार मिनिटं बुडवा आणि सावलीत जाळीवर पसरा. दोन आठवडे लागतात. दोन्ही गोष्टी द्राक्षपट्ट्यातल्या कृषी दुकानात मिळतात.

११. पण वायनरीत तरी आपलीच द्राक्षं वापरतात ना?

आपल्या मातीतली, पण आपण खातो ती नव्हेत. वाइनचं द्राक्ष लहान मण्याचं, जाड सालीचं, बियांचं. पांढऱ्यांत शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ, लाल वाइनसाठी शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यॉ या जाती नाशिककडे जास्त. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून साल जास्त आणि गर कमी हेच हवं. खाण्याचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) उतरवतात. वाइनचं बावीस-चोविसाला, त्यातूनच बारा-तेरा टक्के अल्कोहोल निघतं. थॉमसन तेवढी पिकवली तर तिची आंबटाई जाते आणि जी वाइन होईल ती गोडसर पाण्यासारखी लागेल.

नाशिकच का, असं पुढे विचारतातच. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री झोंबरी थंडी. दिवसा साखर भरते, रात्री आंबटाई राखली जाते.

१२. कधीच वाइन घेतलेली नाही. सुरुवात कशापासून करू?

शेनिन ब्लाँपासून. किंचित गोडसर, फळांचा वास, नाशिकला ती चांगली साधते. पुष्कळ जण ‘रेड म्हणजे खरी वाइन’ म्हणून काबर्नेनं सुरुवात करतात, तोंड वाकडं करतात आणि कायमचे दुरावतात. तो तुरटपणा टॅनिनचा. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ सुकते तसाच. त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

ग्लास एक तृतीयांशच भरा. दांडीला धरा, हाताची ऊब लागू देऊ नका. फिरवून आधी वास घ्या. चव कळण्याचं अर्ध्याहून जास्त काम नाक करतं, सर्दीत जेवण बेचव लागतं ते आठवा. वासाला नावं आपल्या स्वयंपाकघरातली द्या. सोव्हिन्यॉ ब्लाँला मी हिरवी ढोबळी मिरची म्हणतो, आणि ते निव्वळ कल्पनेचं नाही, दोन्हींत एकाच कुळातली वासाची द्रव्यं असतात. ‘गूजबेरी’ म्हणायला आपण ती खाल्लीय कधी?

‘हृदयाला चांगली असते ना’ असं विचारून सुरुवात करू नका. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आवडते म्हणून थोडी घ्या, औषध म्हणून नको.

१३. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात. मे महिन्यातही?

ते रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरातलं, सोळा ते अठरा अंश. आपल्या खोलीत मे महिन्यात पस्तीस. अशी रेड घशाला नुसती दारू लागते. दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवून काढा. पांढरी आठ ते दहा अंशांवर, स्पार्कलिंग आणखी थोडी गार.

न उघडलेली बाटली फ्रीजच्या डोक्यावर किंवा ओट्याखाली ठेवू नका, ते घरातले सर्वांत उष्ण कोपरे. कपाटाच्या तळाशी, अंधारात ठेवा. बुचाची असेल तर आडवी, फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही. पुष्कळशा भारतीय वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवू नका. उघडल्यावर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, स्पार्कलिंग दुसऱ्या दिवसापर्यंत.

१४. आपल्या जेवणाबरोबर काय घ्यावं?

नियम एकच पाळतो: तिखट जितकं जास्त, तितकी वाइन गार, हलकी आणि गोडसर. तुरट रेड आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग भडकवतात. मिसळीवर शिराझ घेऊन बघा, परत घेणार नाही. (आमच्याकडे द्राक्षबागांतच मिसळीची ठिकाणं निघाली आहेत. मांडवाखाली बसून मिसळ खाताना मला ताकच बरं वाटतं.)

कोथिंबीर वडी, अळूवडी, तळलेली सुरमई यांना सोव्हिन्यॉ ब्लाँ. साबुदाणा वडा आणि भजी यांना स्पार्कलिंग, बुडबुडे तेल कापतात. खोबऱ्याच्या काळ्या वाटणाच्या मटणाला शिराझ, पण तिखट आवरतं असेल तरच. पुरणपोळीला काहीही नको, तूप आहे ना.

१५. वाइन शाकाहारी असते का? आमच्याकडे माळकरी मंडळी आहेत.

माळकऱ्यांसाठी प्रश्न मद्याचाच आहे, तो शाकाहारानं सुटत नाही. बाकीच्यांसाठी: द्राक्ष शाकाहारीच, पण वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासूनचं आयझिंग्लास वापरतात. गाळासोबत ते निघून जातं, तरी वापरलेलं असतं. बेंटोनाइट ही माती वापरली असेल तर शंका नाही. वायनरीला थेट विचारा, भेटीला गेलात तर सांगतात.

१६. गोव्याहून आणलेलं पोर्ट हे खरं पोर्ट आहे का?

नावापुरतं. खरं पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातलं. आंबवण अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षापासूनच गाळलेलं कडक मद्य घालून थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या घरात जातं. गोव्याची पोर्ट म्हणजे गोड लाल वाइन, बहुधा आपल्या त्या बंगलोर पर्पलच्याच कुळातल्या द्राक्षांची. बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाबरोबर छान लागते, दर्दी लोक नाकं मुरडतात ते सोडून द्या.

१७. वायनरी बघायला कधी यावं?

फेब्रुवारीत. वेलींवर घड असतात, तोडणी चालू असते, काही ठिकाणी पाहुण्यांना द्राक्षं तुडवू देतात. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर देखणा, पण मांडवावर फक्त पानं. एप्रिलच्या मध्यावर आलात तर वेली बोडक्या दिसतील आणि ‘बाग वाळली का’ असं विचाराल. उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे. गाडी चालवणाऱ्यानं चाखायचं नाही, हेही आधी ठरवून या.

१८. उरलेली वाइन झाडांना घातली तर चालते का? आणि रिकाम्या बाटल्या?

झाडांना नको, अल्कोहोल मुळांना सोसत नाही. वाटीभर वाइनमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ओट्यावर ठेवा, केळ्यांवरची चिलटं त्यात पडतात. बाटल्या पाण्यानं भरून कुंडीत उलट्या खोचल्या की चार दिवस गावाला जाता येतं.

१९. कुत्र्यानं पडलेली द्राक्षं खाल्ली. काही होतं का?

होऊ शकतं. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलतं. वाट न बघता त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या.

२०. मी न्यू जर्सीत राहते. तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबरात छाटली आणि वेल करपली. असं का?

ताई, प्रश्न ४ चं वेळापत्रक इथलं आहे. तुमच्याकडे वेल झोपते (प्रश्न ५), म्हणून छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळा ओसरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऑक्टोबरात कापल्यानं ती थंडीला उघडी पडली. वसंतापर्यंत उपटू नका, बुडातून फुटण्याची शक्यता आहे. नवीन लावायची झाल्यास काँकर्ड घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावात १८४९ मध्ये वाढवलेली ही जात तिथली थंडी झेलते. चाखाल तेव्हा बंगलोर पर्पलची आठवण येईल, दोघींत अमेरिकी रक्त आहे.

२१. वीस वर्षांची वेल आहे, घड कमी झालेत. काढून टाकू?

एक संधी द्या. येत्या एप्रिलमध्ये जुने ओलांडे कापून टाका, खोडावर वरच्या भागात येणारी जोमदार फूट निवडून नवा ओलांडा तयार करा. फूट कलमाच्या सांध्याच्या वरचीच हवी, खालची निघाली तर प्रश्न ६ मधलं चौथं कारण ओढवेल. त्या वर्षी फळ धरू नका. पुढच्या ऑक्टोबरात नव्या काड्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या असतील तर वेल ठेवा, बारीक राहिल्या तर काढा. आमची शरद सीडलेस गेल्या वर्षी अशीच बोडकी केली होती, यंदा तिच्यावर अकरा घड मोजले.